रंग सोडा, टोक बघा: जुन्या लष्करी रायफलीच्या दस्त्याचं लाकूड कसं ओळखायचं

मिरग लागून दोन दिवस झाले होते. सावंतवाडीत सकाळपासून वीज नाही, करवत बंद, कारखान्यात मी आणि पत्र्यावर कोसळणारा पाऊस. तेवढ्यात फोन वाजला. कॅनडात ओंटारियोला असलेल्या भाच्याने सात फोटो पाठवले होते. तिथला रीतसर परवाना काढून त्याने दुसऱ्या महायुद्धातली एक ली-एनफिल्ड घेतली होती, लष्कराने कधीच मोडीत काढलेली. फोटोंखाली एकच ओळ: ‘मामा, अक्रोड आहे ना?’

गडद तपकिरी, तेलकट, मधूनच लालसर झाक मारणारं लाकूड. ‘हो, तसंच दिसतंय’ असं लिहिलं आणि पाठवायच्या आधी पुसलं. याच वाक्यावर मी एकदा चांगला तोंडघशी पडलो आहे.

आमच्याच जिल्ह्यात एका संस्थेकडे काचेच्या पेटीत एक थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एनफिल्डच, आहे. नळी कायमची निकामी केलेली, कागदपत्रं जागेवर. तिच्या दस्त्याची टाच वाळवीने खाल्ली म्हणून मला बोलावलं. मी रंग बघितला, ‘काश्मिरी अक्रोड’ असं ठणकावून सांगितलं आणि चांगले पैसे मोजून अक्रोडाचा तुकडा मागवला. तुकडा बसवायच्या दिवशी मदतीला काका आले. जन्मभर दारं-खिडक्या आणि होड्या केलेला माणूस. त्यांनी टाचेच्या फुटक्या कडेवर पटाशीचं टोक जरासं फिरवलं. आतून हळदीसारखा पिवळा भुगा निघाला. ‘खयचो आक्रोड? ह्या फणसाचा लाकूड आसा,’ म्हणाले आणि विडी पेटवायला बाहेर गेले. मूळ दस्ता कधीतरी मोडला असणार आणि इथल्याच कुणा सुताराने घरच्या फणसातून नवा घडवून बसवला असणार. तो अक्रोडाचा तुकडा अजून माझ्या माळ्यावर आहे.

भाच्याला मग मी सगळी रीत सविस्तर लिहून पाठवली. तीच इथे मांडतो. त्याच्या रायफलीला जी लागू, तीच तुमच्या घरातल्या परवान्याच्या जुन्या बंदुकीलाही लागू.

हात लावण्याआधी

आपल्याकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याच्या बंदुका घरोघर आहेत. निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात, निकालानंतर परत येतात. त्यामुळे कायद्याची तोंडओळख सगळ्यांनाच असते, पण लाकडाचं काम निघालं की लोक ती विसरतात आणि ‘नुसतं लाकूडच तर दाखवायचंय’ म्हणून बंदूक पिशवीत घालून सुताराकडे आणतात. असं करू नका. सुताराला घरी बोलवा, आणि परवानाधारक समोर बसलेला असू दे. बंदूक रिकामी आहे हे परवानाधारकाने स्वतः उघडून दाखवायचं, आणि सुतारानेही नळीत डोकावून बघायचं. १९५९च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीसुद्धा परवान्याखाली येते. तेव्हा स्क्रू काढणं, खोलणं, परत जोडणं ही कामं परवाना असलेल्या बंदूक-कारागिराकडून करून घ्या. लाकूड ओळखायला आपल्याला लागतो तो फक्त उघडा पडलेला नखाएवढा भाग.

एक खुलासा: थ्री-नॉट-थ्री हे आपल्याकडे सामान्य नागरिकाला मनाई असलेलं बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, आहे. लोकांच्या घरी त्याच धाटणीची दिसते ती .३१५ बोअरची, इशापूरच्या कारखान्याची. खरी थ्री-नॉट-थ्री आपल्यापैकी बहुतेकांनी हातात घेतली असेल ती एनसीसीच्या परेडला. जवळजवळ चार किलोचं ते धूड खांद्यावर घेऊन मैदानाला फेऱ्या मारलेला खांदा अजून बोलतो.

पहिली पायरी: रायफलीचं गाव शोधा

लाकडाआधी लोखंड वाचायचं. कुठल्या कारखान्यात घडली ते कळलं की शंभर लाकडांतून चार-पाचच शिल्लक राहतात.

जुन्या ली-एनफिल्डवर, म्हणजे एनसीसीवाल्या नंबर वन मार्क थ्रीवर, बोल्टच्या, म्हणजे गोळी भरायला मागे-पुढे ओढतात त्या दांड्याच्या, मुठीखाली धातूचा जो पट्टा दस्त्याला कवेत घेतो त्याच्या उजव्या अंगावर मुकुट, कारखाना आणि साल कोरलेलं असतं. एनफिल्ड आणि बीएसए म्हणजे इंग्लंड. लिथगो म्हणजे ऑस्ट्रेलिया. तो कारखाना १९१२ साली सुरू झाला. इशापूर म्हणजे आपलं, कलकत्त्याजवळचं. इंग्रजी अमदानीतल्या नगांवर मुकुटाखाली ‘जीआरआय’ अशी अक्षरं दिसतात. नंतरच्या नंबर फोर रायफलीवर डाव्या अंगाला ‘लाँग ब्रँच’ असेल तर ती टोरांटोजवळची, ‘यूएस प्रॉपर्टी’ असेल तर अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीची. भाच्याच्या रायफलीवर लाँग ब्रँच निघालं. म्हणजे ज्या प्रांतात तो राहतो, तिथलीच ती.

आता कुठल्या गावाला कुठलं लाकूड ते बघू. इंग्लंडात सुरुवातीला अक्रोड; दुसऱ्या महायुद्धात अक्रोड पुरेना, तेव्हा बीच आणि बर्च या तिकडच्या झाडांचं लाकूड सर्रास. कॅनडा आणि अमेरिकेत अक्रोड, बर्च, आणि कॅनडात मेपलही. इशापूरला अक्रोड. काश्मिरी अक्रोड आणि युरोपातला अक्रोड ही एकच जात, जुग्लान्स रेजिया. अमेरिकेतला काळा अक्रोड वेगळा, जुग्लान्स नायग्रा. इशापूरची आणखी एक खूण म्हणजे फोरएंडमधून, म्हणजे नळीखालच्या पुढच्या लाकडातून, आडवा घातलेला मजबुतीचा स्क्रू. आपल्या हवेत लाकूड फाटतं हे तिथल्या लोकांनी अनुभवाने ओळखलं असणार, मला तरी तसंच वाटतं.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट सगळ्यात मजेशीर. त्यांनी आधी अमेरिकेचा अक्रोड आणवला, मग घरच्या जंगलाकडे वळले. क्वीन्सलँड मेपल वापरलं, ज्याचा खऱ्या मेपलशी काडीचा संबंध नाही, आणि दुसऱ्या महायुद्धात कोचवुड. कोचवुड पडलं मऊ. गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याने ते आत चेपायला लागलं, म्हणून फोरएंडच्या आत, जिथे लोखंड लाकडाला धडकतं तिथे, तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. फोरएंड काढल्यावर त्या पट्ट्या दिसल्या तर लाकूड ऑस्ट्रेलियाचं, हे जवळजवळ पक्कं. काही फोरएंडवर ‘स्लॅझ’ असा ठसाही सापडतो. टेनिसच्या रॅकेटी करणाऱ्या स्लॅझेंजर कंपनीने युद्धात दस्ते करून दिले होते, त्यांचा तो.

बाकीच्या देशांचं थोडक्यात. जर्मन माऊझर के-९८ला आधी अक्रोड, मग बीचचे पातळ थर चिकटवून केलेला दस्ता. बाजूने बघितलं की थरांच्या रेघा प्लायवूडसारख्या मोजता येतात. रशियन मोसिनला बहुतेक बर्च. स्विस के-३१ला अक्रोड, नंतरच्या नगांना बीच. जपानी अरिसाकाच्या दस्त्याचा खालचा भाग वेगळ्या तुकड्याचा, खाचेत खाच बसवून जोडलेला असतो. तो सांधा पाहून लोक ‘मोडून जोडलेली दिसते’ म्हणतात. ती मुळातच तशी आहे.

लोखंडाचं गाव हा झाला अंदाज. सैन्याच्या कारखान्यात या रायफली चार-चार वेळा खोलल्या गेल्या, ढिगातून जो दस्ता बसला तो बसवला. ली-एनफिल्डला तर लाकडाचे चार स्वतंत्र भाग असतात: खांद्याकडचा बट, नळीखालचा फोरएंड, आणि नळीवरची दोन झाकणं, म्हणजे पुढचा हँडगार्ड आणि मागचा हँडगार्ड. चौघांची चार लाकडं निघू शकतात. प्रत्येक भाग वेगळा तपासायचा.

दुसरी पायरी: मळ काढा, पण रंध्याला हात लावू नका

इंग्रजी पद्धतीचा दस्ता कच्च्या जवसाच्या तेलात मुरवलेला असतो. तेल, घाम, धूळ आणि ग्रीस यांचा वर्षानुवर्षं थर चढला की पांढरट बर्चसुद्धा अक्रोडाचा आव आणतं. त्यात परदेशातल्या मोडीत काढलेल्या रायफली कॉस्मोलीन नावाच्या जाड ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेल्या असतात.

ग्रीस असेल तर सुटा केलेला लाकडी भाग जुन्या सुती कपड्यात गुंडाळून काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि उन्हात ठेवा. ग्रीस वितळून कपड्यात उतरतं. कॅनडात लोक त्यासाठी उन्हाळ्याची वाट बघतात. आपल्याकडे उलटी पंचाईत. मे महिन्यात दुपारभर ठेवलंत तर लाकूड तडकेल. सकाळचा तासभर पुरे, मग सावलीत गार होऊ द्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

साध्या मळाला टर्पेंटाइनचा हात पुरतो. बोटाला फडकं गुंडाळून, जिथे कुणाची नजर जात नाही अशा जागी रुपयाएवढा भाग पुसा. फडकं तपकिरी झालं तर तेल आणि मळ. टर्पेंटाइनने काहीच हललं नाही पण स्पिरिटने चिकट होऊन सुटायला लागलं, तर वर चपड्याचं पॉलिश आहे. रशियन दस्त्यांवर तसं असतं, आणि इथे कुणी हौसेने मागाहून मारलेलंही असतं.

पॉलिश पेपर मात्र नको. एक म्हणजे दस्त्यावरचे ठसे जातात, आणि जुन्या रायफलीचं अर्धं मोल त्या ठशांतच असतं. ली-एनफिल्डच्या बटवर वरच्या अंगाला कधी एल, एस किंवा बी असं अक्षर असतं. ते लाकडाचं नाव नव्हे, लांब, आखूड आणि त्याहून आखूड असं माप आहे. ‘बी म्हणजे बीच’ हे मी दोन-तीन जणांकडून ऐकलंय, तेही अगदी छातीठोकपणे. दुसरं म्हणजे कोरडा भुगा भोकांत भरतो आणि जे बघायचंय तेच बुजतं.

जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेतात. पाण्याच्या डब्यात बुडवा, नाहीतर अंगणात एकेक सुटं पसरून वाळवा.

तिसरी पायरी: टोक शोधा

लाकडाचं खरं नाव त्याच्या टोकावर, म्हणजे आडव्या छेदात असतं. उभ्या अंगावर नक्षी दिसते, रंग दिसतो, आणि माणूस तिथेच भुलतो. टोकावर झाड आतून कसं वाढलं ते दिसतं.

दस्त्यावर हे टोक उघडं मिळण्याची सोपी जागा म्हणजे खांद्याला टेकते ती बटप्लेट. बंदूक-कारागिराने दोन स्क्रू काढले की ती सुटते. खाचेत नेमका बसणारा पेचकस हवा. ढिला पेचकस घसरला तर पितळेवर ओरखडा आणि मालकाच्या कपाळावर आठी. आपल्या दमट हवेत पितळेखाली हिरवट पूड आणि लोखंडी स्क्रूभोवती काळं कडं सापडतं. ते कडं लगेच पुसू नका, पुढे त्याची साक्ष काढायची आहे.

अख्खा बट काढायच्या फंदात पडू नका. नंबर वन रायफलीत बट एका लांब बोल्टने आतून आवळलेला असतो आणि त्या बोल्टचं चौकोनी टोक फोरएंडमध्ये अडकलेलं असतं. फोरएंड आधी न काढता बोल्ट फिरवला की फोरएंड मागून फाटतो. फाटलेले असे फोरएंड मी पाहिले आहेत, आणि फाडणारा प्रत्येक जण ‘जरासाच फिरवला हो’ म्हणतो.

आता नव्या ब्लेडने किंवा नुकत्याच पाजळलेल्या पटाशीने टोकाचा हरभऱ्याच्या डाळीएवढा भाग कापा. घासायचं नाही, एका हाताने स्वच्छ काप घ्यायचा. लाकूड कडक असेल तर आधी पाण्याचं एक बोट लावा. निघालेला कपटा कागदाच्या पुडीत जपून ठेवा. मग सोनाराचं दहापट भिंग डोळ्याशी नेऊन लाकूड त्याच्या जवळ आणा, खिडकीच्या उजेडात. फोटो हवा असेल तर तेच भिंग मोबाईलच्या कॅमेऱ्यावर धरा. भाच्याने तसंच केलं.

चौथी पायरी: भोकं वाचा

टोकावर तीन गोष्टी दिसतात. टाचणीने टोचल्यासारखी भोकं, म्हणजे झाडाच्या पाणी वाहायच्या नळ्या. वाढीची वलयं. आणि वलयांना आडवे छेदत बाहेर जाणारे बारीक किरण, सायकलच्या आऱ्यांसारखे. या तिघांच्या मांडणीवरून सगळा निकाल लागतो.

सागापासून सुरू करा, कारण तो आपल्या ओळखीचा. दाराच्या चौकटीचं एखादं कापलेलं टोक घ्या. प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या भोकांची रांग, मग एकदम बारीक भोकं. ही वलयरांग डोळ्यात बसली की बाकीच्यांची तुलना सोपी. जुन्या दस्त्याचं टोक असं दिसलं, बोटाला मेणचट लागलं आणि ताज्या कापाला जुन्या चामड्याचा वास आला, तर साग. बहुधा इथेच बदललेला.

अक्रोडाची भोकंही वलयाच्या सुरुवातीला मोठी, पण पुढे एकदम लहान होत नाहीत. जिना उतरावा तशी हळूहळू बारीक होत जातात. उभ्या अंगावर हीच भोकं सुईने ओढलेल्या काळपट रेघोट्यांसारखी दिसतात, नुसत्या डोळ्यांनीही. ताजा काप तपकिरी, कधी जांभळट छटेचा. दस्त्याच्या कडेला पांढरट पट्टा दिसला तर घाबरू नका, ते गाभ्याबाहेरचं लाकूड. कारखान्यात रंग देऊन झाकलेलं, वर्षांनी उघडं पडलेलं.

बीच ओळखायला भिंगही लागत नाही. उभ्या अंगावर जिरेभातात जिरं पसरावं तशी बारीक, गडद, टोकदार ठिपक्यांची पेरणी असते. प्रत्येक ठिपका एक ते तीन मिलिमीटर लांब, सगळे एकाच दिशेने. हे त्याच्या रुंद किरणांचे छेद. दस्ता वळवून दुसऱ्या बाजूने बघितलात तर तेच किरण चकाकत्या खवल्यांसारखे दिसतात. जिरं दिसलं की बीच, मग रंग कितीही काळा असो. टोकावर भोकं अगदी बारीक, सगळीकडे सारखी विखुरलेली, आणि त्यांतून काही किरण ठळक जाड.

खरी कसोटी बर्च आणि मेपलमध्ये. दोन्ही फिकट, दोन्हींची भोकं विखुरलेली, दोन्हींवर कधी रेशमी लाटा उठतात. इथे भिंगाखाली भोकाची रुंदी आणि किरणाची रुंदी शेजारी ठेवून बघायची. किरण भोकांहून सरळसरळ बारीक असतील तर बर्च. सगळ्यात जाड किरण भोकाएवढेच रुंद वाटले तर मेपल. बर्चच्या उभ्या अंगावर भोकांच्या केसासारख्या बारीक रेघा तिरप्या उजेडात दिसतात. मेपल त्यापेक्षा गुळगुळीत, जवळजवळ हस्तिदंतासारखं. या पायरीला घाई केली की हमखास चूक होते. भाच्याने पहिल्या दिवशी मेपल सांगितलं, दुसऱ्या दिवशी नवीन ब्लेड आणून काप स्वच्छ घेतला आणि मुकाट्याने बर्च म्हणाला.

ऑस्ट्रेलियाची दोन्ही लाकडं गुलाबीसर तपकिरी. कोचवुड अगदी बारीक पोताचं, निरागस चेहऱ्याचं. क्वीन्सलँड मेपल चमकदार, हलकं, तंतू उलटसुलट गुंतलेले, त्यामुळे दस्ता फिरवला की पट्टे जागा बदलतात.

पाचवी पायरी: आपल्या मातीतली लाकडं

परदेशी माहितीत ही पायरी नसते, आणि कोकणातल्या जुन्या दस्त्याला हीच आधी लागते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, चार महिने भिंतींना घाम फुटलेला असतो आणि वाळवी बारमाही पाहुणी. शंभर वर्षांत दस्ता एकदा तरी बदललेला असणार असं धरूनच बघावं.

फणस: वरून काळा-तांबूस, अगदी महोगनीसारखा, पण ताजा काप पिवळाधमक. टोकावर मोठी भोकं विखुरलेली आणि प्रत्येक भोकाभोवती फिकट कडं. कपटा कोमट पाण्यात टाकला तर पाणी पिवळसर होतं. याच लाकडाच्या रंगाने आग्नेय आशियात भिक्षूंची वस्त्रं रंगवत आले आहेत.

बिबळा, म्हणजे काही ठिकाणचा असाणा: याची परीक्षा मला सगळ्यात आवडते. कपटा काचेच्या पेल्यात पाण्यात ठेवा आणि थोड्या वेळाने पेला काळ्या कपड्यासमोर उन्हात धरा. पाण्यावर निळसर झाक उमटते. मधुमेहासाठी या लाकडाचे पेले विकतात, त्यांतल्या पाण्यावर पाहिली असेल तीच ही झाक. अक्रोडाच्या पाण्यात असलं काही होत नाही.

शिसव आणि शिसम यांत गल्लत होते. आपली शिसव जांभळट-काळी. उत्तरेकडचं शिसम सोनेरी तपकिरी, गडद पट्ट्यांचं. शिसमच्या गुळगुळीत उभ्या अंगावर भिंगाखाली अतिबारीक आडव्या लहरी दिसतात, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा. हातात जड लागतं. घनमीटरला साडेसातशे किलोच्या पुढे जातं. अक्रोड साधारण ६४०, बीच ७००च्या आसपास. मात्र दस्ता हातात तोलून निवाडा करू नका. तेल प्यालेलं लाकूड आणि जून महिन्यातलं लाकूड दोन्ही वजनाला खोटं बोलतात.

शिवण: फिकट, गवती पिवळसर, हलकी, हाताला मऊ. दस्त्याला फार टिकत नाही, पण हँडगार्डचा तुकडा बदलायला हलकी आणि हाताशी असलेली म्हणून कुणी वापरली तर नवल नाही.

सहावी पायरी: काळ्या कड्याची साक्ष

मघाशी स्क्रूभोवतीचं काळं कडं राखून ठेवायला सांगितलं होतं. लाकडातला तुरट अंश आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. हिरड्याच्या काढ्यात लोखंड घालून शाई करायचे, तोच प्रकार. अक्रोडात हा अंश पुष्कळ, बर्च-मेपलमध्ये नगण्य. म्हणून अक्रोडात स्क्रूभोवती शाईसारखं गडद कडं उमटतं, बर्चमध्ये नुसता गंजाचा तांबडा डाग.

कडं नसेल तर परीक्षा घेता येते. व्हिनेगरमध्ये गंजका खिळा रात्रभर बुडवून ठेवा. पुडीतला कपटा आधी स्पिरिटने धुऊन तेल घालवा, बशीत ठेवा, त्यावर या पाण्याचा एक थेंब सोडा. काही मिनिटांत कपटा राखाडी-काळा झाला तर अक्रोडाच्या बाजूचं एक मत. एकच मत. साग, फणस यांचाही रंग गडद होतो, म्हणून चौथ्या पायरीशिवाय याला अर्थ नाही. आणि थेंब कपट्यावरच, दस्त्यावर नाही. तो डाग लाकडात उतरला की निघत नाही.

एवढं करूनही अडलं, आणि वस्तू मोलाची असेल, तर डेहराडूनची वन संशोधन संस्था आणि बंगळुरूची काष्ठविज्ञान संस्था लाकूड ओळखून देतात. लाकडाचा लहानसा तुकडा लागतो. बटप्लेटखालचा किंवा मॅगझिनच्या खोबणीतला द्या, दिसणाऱ्या जागेचा नाही. बंदूक पाठवायची नाही हे सांगायला नको, तरी सांगतो.

ओळख पटल्यावर

तुकडा जोडायचा तर लाकूड त्याच जातीचं घ्या, आणि रेघांची दिशा जुळवा. दिशा चुकली की पावसाळ्यात एक फुगतो आणि दुसरा जागचा हलत नाही, सांधा दिवाळीपर्यंत उघडतो. लाकूड निदान एक पावसाळा कारखान्यात मुरलेलं हवं. ज्या तेलाचा मूळ हात होता तेच तेल, पातळ, फडक्याने, आठवड्याच्या अंतराने. पॉलियुरेथेनचा चकचकीत थर दिला की आतला ओलावा कोंडतो आणि पुढच्या श्रावणात त्याखाली पांढरे ढग दिसू लागतात.

आणि जे सापडलं ते लिहून ठेवा. मी पेन्सिलीने छोट्या कागदावर लिहितो, कागद मेणात बुडवतो आणि बटप्लेटखाली ठेवतो. शाई ओलाव्याने पसरते, पेन्सिल टिकते. भाच्याच्या कागदावर ‘बट बर्च, फोरएंड अक्रोड, दोन्ही हँडगार्ड बर्च’ असं आहे. त्या काचेच्या पेटीतल्या थ्री-नॉट-थ्रीमध्ये आम्ही फणसाचाच तुकडा बसवला, काकांच्या परसातल्या वादळात पडलेल्या झाडाचा. कागदावर काकांनी स्वतः लिहिलं: ‘बट फणस. जोड फणस. बाकी आक्रोड. पुतण्याक इचारू नये.’